घुशीची वाट

फुटक्या मडक्यात गोवऱ्यांचा विस्तव आणि त्यावर मूठभर वाळल्या मिरच्या. गोजरबाईनं मडक्याचं तोंड अंगणातल्या बिळाला लावलं आणि बुडाच्या भोकातून फुंकणीनं अशी फुंकर मारली की तिचेच डोळे गळायला लागले. गळेनात का. आज घूस मारल्याशिवाय ती घोटभर पाणीही पिणार नव्हती.

दुष्काळाचं सबंध वर्ष घरानं रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या, पण बाजरीच्या बियाणाची कणगी शेणानं लिंपलेली ती लिंपलेलीच राहिली. पेरणीआधी बियाणाला हात लावायचा नसतो. परवा मृग तोंडावर आला म्हणून तिनं लिंपण फोडलं, तर आत नुसता भुसा आणि बुडाला हात जाईल एवढं भोक. घुशीनं खालून सगळी कणगी धुऊन नेली होती.

तेही तिनं सोसलं असतं. पण भिंतीपलीकडं राहणारी तिची धाकटी जाऊ मालन, दुष्काळी खडीच्या कामावर चार बायांत हसून म्हणाली, "घूस दोन पायांची आसंल." म्हणजे गोजरबाईनं बियाणं दळून खाल्लं. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला याहून घाण शिवी नाही. तेव्हापासून गोजरबाई आतून पेटलेली होती.

घरातलं बिळाचं तोंड तिनं सकाळीच दगड आणि फुटक्या काचा ठोकून बंद केलं होतं. आता घूस मडकं काढताच बाहेर तरी येईल, नाहीतर आत मरेल. तेवढ्यात तिनं मान वर केली. धूर मालनच्या कौलांतून निघत होता.

म्हणजे बीळ भिंतीखालून तिकडंही गेलं होतं. घूस तिकडंच पळाली असणार. गोजरबाई ओरडायला उठली आणि मधेच थांबली. मग तिनं मडकं बाजूला सारलं, अंगणातल्या बिळात दगड कोंबले, वर बाभळीचे काटे घातले आणि मुसळानं सगळं ठेचून ठेचून बसवलं. तिला फार बरं वाटलं.

"आता खा म्हनावं तिचं," ती पुटपुटली. "मग सांगू दे तिला चार बायांत, घुशीला पाय किती आसत्यात ते."

मालन खोकत, डोळे पुसत आली. गोजरबाईनं भांडणासाठी कंबरेला पदर खोचला.

"आक्का," मालन उंबऱ्यापाशी बसली, "माझ्या घरात मिरचीचा धूर निघाला. कोपऱ्यात बीळ हाय, मला आजच दिसलं. म्हंजी घूसच हुती. म्या लई वंगाळ बोलले तुमाला."

गोजरबाईनं खोचलेला पदर सोडला.

"माझं बियानं हाय की. पेरनीच्या दिशी कनगी फोडू, निम्मं तुमी न्या. दोन्ही रानं पेरू."

"आन् घूस?" गोजरबाईनं कसंबसं विचारलं.

"कनगीमागं कायतरी पळालं खरं. पळू द्या. माझी कनगी चांगली लिंपल्याली हाय."

गोजरबाईचीही चांगली लिंपलेलीच होती. पण ते सांगायचं तर अंगणातलं बीळ मुद्दाम बुजवल्याचंही सांगावं लागलं असतं.

मालन गेली.  गोजरबाईनं कुदळ घेतली आणि ठेचून बसवलेलं बीळ उकरायला लागली. काटे हाताला लागले, तिनं ते बघितलेही नाहीत. सगळे दगड निघाल्यावर ती घरात गेली, रात्रीसाठी ठेवलेली मिलोची अर्धी भाकरी आणली आणि बिळाच्या तोंडाशी कुस्करली.

काठी मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसली.

"ये गं बाई," बिळात वाकून ती हळूच म्हणाली, "मागारी ये. तुझं घर हितं हाय."