पंप आहेत असं धरून

“पुन्हा त्याच रस्त्याने? डोकं फिरलंय का त्यांचं?” आसावरी फोनवर किंचाळली.

पलीकडे निहार होता, तिचा धाकटा भाऊ, आखातातल्या एका वाळवंटी शहरात. मार्चमध्ये पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलेले बाबा विमानं बंद झाल्याने तिथेच अडकले होते. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. सोमवारचं पावसाने हुकलं. आज त्यांना धड एक वाक्यही बोलवत नव्हतं. कोविडमुळे ॲम्ब्युलन्स मुश्किलीने मिळाली, तीही येताना अंडरपासमध्ये बॉनेटपर्यंत बुडाली. आता दुसरी निघत होती. तिथूनच.

“ताई, कंट्रोल रूमच्या नकाशावर तो रस्ता हिरवा आहे. डच कंपनीचा नकाशा आहे म्हणे. पाण्यातलं त्यांना कळतं.”

“कळतं डोंबल!” तिने फोन आपटला.

आसावरी नोकरी करायची तीच ही कंपनी. पूर आला तर दवाखान्याकडे जाणारे कुठले रस्ते चालू राहतील, याचे नकाशे तिची टीम करायची. स्लोटरडाइक भागातलं ऑफिस बंद असल्याने सध्या सगळा कारभार डीमन गावातल्या तिच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर चालला होता. ती लॅपटॉपवर तुटून पडली. हे रूलॉफचंच काम! तिचा बॉस. या लोकांना काय माहीत पाणी तुंबणं काय असतं? इथे डच शहरांत अंडरपासला पंप असतात, पाणी साचायच्या आत उपसून टाकतात. तिथे वाळवंटात धड गटारं नाहीत, पंप कोण बसवणार? पुण्यात ती गुडघाभर पाण्यातून स्कूटी ढकलत कॉलेजला गेली होती. तिला विचारायचं तरी! आज त्याचा मुलाहिजा ठेवायचा नाही. त्याची चूक सगळ्या ऑफिसला मेल करायची. नोकरी गेली, व्हिसा गेला, तरी बेहत्तर.

फाइल उघडली. गेल्या वर्षीची. अंडरपासच्या नोंदीखाली रूलॉफने खरंच लिहिलं होतं.

‘इथे पंप आहेत का? स्थानिक लोकांना विचारलं का?’

त्याखाली उत्तर होतं. ‘गरज नाही. असतातच. धरून चालू.’

उत्तरापुढे नाव होतं, आसावरी.

तिने ते दोनदा वाचलं. नऊ वर्षांत इथे एकही तुंबलेला अंडरपास तिला दिसला नव्हता. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण बाबांना तेवढा वेळ नव्हता. प्रोजेक्टच्या यादीतून तिने कंट्रोल रूमचा नंबर काढला आणि लावला.

“गाडी अंडरपासमधून नेऊ नका. पुलावरून वळवा.”

पलीकडचा माणूस हिंदीत वैतागला. “मॅडम, नकाशावर रस्ता चालू आहे. तुमचं मी का ऐकू?”

“सकाळपासून माझंच तर ऐकताय,” आसावरी म्हणाली. “म्हणूनच पहिली गाडी बुडाली.”