नवव्या खुणेवरची आई

शेजारच्या शेवंतीकाकीचा प्रीतम सहा वर्षांत दोनदा शिरोड्याला आला. तिसऱ्यांदा आला तो संशोधनाचा त्रिमितीय पडदा घेऊन. चष्म्याशिवाय त्यातलं माणूस खरंखुरं दिसतं. आपण बाजूला सरकलो की त्याचा गालही दिसतो.

पडद्यासाठी त्याने काकीभोवती कॅमेरे मांडले. आम्ही अकरा शेजारीपाजारी बघायला जमलो होतो.

"माका बघूक इलस, की ह्येंका दाखवूक?" काकीने विचारलं.

"आई, हलू नकोस," एवढंच उत्तर आलं. संध्याकाळच्या गाडीने त्याला परतायचं होतं.

मग ओसरीवर नऊ खुणा केल्या. एकेकीवर उभं राहायचं आणि पडद्यातली काकी कुठे बघते ते सांगायचं.

मासेवाला इरशाद पहिला. "माज्याकडेच बघता हा! कालचे बांगडे नडले वाटता."

आम्ही अकराही जणांनी प्रत्येक खुणेवरून तेच सांगितलं.

शेवटी प्रीतम स्वतः उभा राहिला. "पाठ का दिसतेय?" तो पुढच्या खुणेवर सरकला. नवव्या खुणेवरही तेच. "नुसता अंबाडा आहे इथे!"

आम्हाला मात्र काकीचे डोळे दिसत होते.

यंत्र बिघडलं म्हणत तो स्वयंपाकघरात गेला. मी मागच्या दारातून पाहिलं. विळीवर नारळ खवणारी काकी हात थांबवून त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"बघतंय रे तुकाच," ती म्हणाली.

तिच्यासमोर वीतभर अंतरावर गुडघे टेकून प्रीतम रडवेला झाला होता.

"आये, पाठ फिरवून बसा नको गो. एकदा माज्याकडे बघ."