भरलेली बॅटरी

रोह्यात प्रविणच्या बिल्डिंगमध्ये गाडी चार्ज करायची सोय नव्हती. म्हणून त्याने धरमतरला आईच्या घरावर सोलर बसवलं, ओटीवर बॅटरी ठेवली. दर रविवारी गाडी तिथे नेऊन भरायचा. बॅटरी किती भरली, घरात किती वीज जळली, ते रोज कंपनीत बसल्या बसल्या मोबाईलवर दिसायचं. आईला वेगळा फोन करायची गरजच पडत नसे.

त्याची आई बायजाबाई पंखासुद्धा लावत नसे. प्रविण चिडला की म्हणायची, "मिठागरात जलम गेला माजा, मना कसला उकारा? तुज्या गाडीला पुरू दे. बॅटरी भरलेली असली का तू येतंस तरी." दिवेलागणीला देव्हाऱ्यातला लाल बल्ब तेवढा लावायची. मोबाईलवर त्याचीही बारीकशी रेघ उमटायची.

या आठवड्यात गुरुवारीच बॅटरी शंभर टक्के झाली. शुक्रवारी शंभर, शनिवारीही शंभर. घराचा वापर शून्य. प्रविणने कौतुकाने बायकोला दाखवलं, "बघ, आये किती जपून वापरते!"

रविवारी अंगणात गाडी लावून त्याने आधी चार्जरची वायर जोडली. मग हाक मारली, "आये, दार उघड गो!"

दार शेवटी शेजाऱ्यांनी फोडलं. बायजाबाई देव्हाऱ्यापुढे पडली होती, हात बल्बच्या बटणाकडे.

"बुधवारपासून दिसली नाय रं," शेजारीण म्हणाली. "आमाला वाटलं तुज्याकडं गेली. तुला कायच कसं कळलं नाय?"

प्रविणच्या खिशात मोबाईल वाजला. गाडी चार्ज व्हायला लागली होती.