बालकांचा सहभाग

"हात पुढे कर बाळ," जादूगार म्हणाले.

मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच एकमेकांत अडकवून टाकले.

शाळेच्या सभागृहात चारशे मुलं सतरंजीवर बसली होती, कडेच्या खुर्च्यांवर पालक. पुढे काय होणार हे सगळ्यांना पाठ होतं. जादूगार दर वर्षी यायचे. तोच काळा कोट, तीच कांडी. कांडी त्यांच्या हातात ताठ असायची, मुलाच्या हातात दिली की मान टाकायची. मग जादूगार कपाळाला हात लावून "अरेरे, मोडलीस की रे," म्हणायचे आणि सभागृह हसून लोळायचं. कार्यक्रमपत्रिकेत याला 'बालकांचा सहभाग' असं नाव होतं.

गेल्या वर्षी सहभाग या मुलीच्या भावाने घेतला होता. तो रडला. त्याचा रडतानाचा फोटो मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या फलकावर अजून आहे, 'आनंदाचे क्षण' या मथळ्याखाली. तेव्हापासून शाळेत त्याला नावाने कोणी हाक मारली नव्हती. सगळे मोड्या म्हणत. खेळाचे सरसुद्धा. त्यांच्या मते त्यात माया होती.

आत्ता मोड्या सहाव्या रांगेत मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

"लाजतेय," जादूगारांनी माइकवरून जाहीर केलं. लाजरी मुलं त्यांना आवडत. उड्या मारत हात वर करणाऱ्याला ते कधी बोलावत नसत. तसली मुलं कांडी उलटीपालटी करून बघतात. जे मूल अर्धाच हात वर करतं ते बरं. या मुलीने मोजून अर्धा हात वर केला होता. तीन दिवस आरशासमोर करून बघितला होता, तेवढाच.

"कितवीत आहेस तू?"

"दुसरीत."

"दुसरीतल्या मुली घाबरतात वाटतं?"

"कधी कधी."

"मग हाताला काय झालंय?"

"काही नाही. हात बरे आहेत."

थोडी मुलं हसली. जादूगारही हसले, पण हे हसू नेमकं कोणाच्या बाजूचं आहे ते त्यांना नीटसं कळलं नाही.

पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून मुख्याध्यापिका पुढे झुकल्या. "अगं, काका एवढ्या प्रेमाने देताहेत ना? घ्यावं. मोठ्यांना असं नाही म्हणू नये."

"मी नाही कुठे म्हणाले, बाई," मुलगी म्हणाली. "काकांनी करावी जादू. मी बघते."

मागून कोणीतरी ओरडलं, "ए, मोड्याची बहीण आहे ती!"

सहाव्या रांगेतली नाडी थांबली. मुलीने आवाज आला तिकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "आहेच."

जादूगारांनी एकवार पेटीकडे नजर टाकली. पेटीत उघडताच गळून पडणारा पंखा होता, उचलताच दांडी निखळणारी किटली होती, बूड नसलेली पिशवी होती. बावीस वर्षांत जमवलेलं सगळं हसू त्या पेटीत होतं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू मोडायला एक लहान, परका हात लागत होता.

दुसरं मूल बोलवावं तर ही खाली उतरायला हवी. तिचा तसा काही विचार दिसत नव्हता. चारशे मुलं चुळबुळायला लागली. जादूगारांनी घाम पुसला, आवाज चढवला, आणि मुलीचे हात जणू पुढेच आहेत अशा थाटात बावीस वर्षांचं ठरलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"ही घे, धर घट्ट, सोडू नकोस!"

कांडीच्या आतून एक दोरी जाते. अंगठ्याने ती दाबून धरली की कांडी ताठ राहते. 'घट्ट' हा शब्द आला की कांडी मुलाच्या मुठीत जाते आणि जादूगारांचा अंगठा उठतो. आजही शब्द आला, अंगठा उठला. समोर मूठ नाही हे अंगठ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कांडी जादूगारांच्याच हातात मान टाकून लोंबू लागली.

मुलगी माइकपाशी गेली. माइक जादूगारांच्या उंचीचा होता, म्हणून तिने टाचा वर केल्या.

"मोडली," तिने सांगितलं.

मग ती मुलांकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे मागे अडकवलेले हात शेवटच्या रांगेलाही दिसावेत. "माझे हात इथे आहेत," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

आधी एका कोपऱ्यातून खुसखुस आली. मग सगळं सभागृह फुटलं. जादूगार घाईघाईने कांडी सावरायला गेले, तर दोरी निसटली आणि कांडीचे सहा तुकडे व्यासपीठावर सहा दिशांना गेले. "असं कधी होत नाही," ते पुटपुटले. मुख्याध्यापिका शांततेसाठी टाळ्या वाजवू लागल्या. टाळ्या वाजवायच्या आहेत असं समजून चारशे मुलांनीही वाजवल्या.

त्या गलक्यातच कोणीतरी जादूगारांकडे बोट करून हाक मारली, "मोड्या!" बाकीच्यांनी ती उचलली. पालकांपैकीही दोघातिघांनी उचलली.

"मोड्या! मोड्या!"

सहाव्या रांगेतला मुलगा सवयीने उभा राहिला.

"काय?" त्याने विचारलं.

कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.