खिडकीतला कप

"मावशी, तुमचा कप खिडकीत आहे," ताई म्हणाल्या.

नऊ वर्षं तो तिथेच आहे. कान तुटलेला, धरला की बोटं भाजतात. ओट्यावर सहा निळे कप होते, एकसारखे. त्यांनाही कपच म्हणतात, आणि तेही मीच घासते.

त्या दिवशी मी निळ्या कपात चहा ओतला आणि ताईंसमोर प्यायले.

"अहो, तो घरातला कप आहे."

"मग मी नऊ वर्षं कुठे काम करते, ताई? काढायचं असेल कामावरून, तर आत्ताच सांगा."

मी सहाही कप घासून जाळीवर पालथे घातले. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तुमचा कुठला होता?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता मलाही ओळखू येत नाही," मी म्हटलं.