उघडी राहिलेली वाट

संदेश कुठूनही येवो, कुठेही जावो, वाटेत त्याला कुलूप लागलंच पाहिजे, अशी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतरांच्या ॲपमध्ये वापरायचा तयार कोड, त्याने लिहिली होती. चाचणीपुरती त्याने बाहेर जायची आणखी एक वाट ठेवली: तोच संदेश, कुलपाविना, एका फाइलमध्ये. ती बंद करायची राहूनच गेली. लायब्ररी वापरणाऱ्या मानसोपचार केंद्राने रुग्णांचे संदेश उघडे पडत असल्याची तक्रार केली, तेव्हा त्याने ती फाइल उघडली. वरच धाकट्या बहिणीचं नाव होतं. नजर वळवायला हवी होती, पण त्याने वाचलं.

"डॉक्टर, मी अडखळले की दादा सगळ्यांसमोर माझी नक्कल करतो. म्हणून मी बोलणंच सोडलंय. घरी सांगू नका."

संध्याकाळी त्याने तिला संदेश उघडे राहिल्याची आपली चूक सांगितली.

"म... म्हणजे तू वा... वाचलंस?" तिने विचारलं.

त्याला साधं 'हो'सुद्धा म्हणता येईना.