नऊ नंबरचा बिल्ला

"टाका," ग्रंथपालांनी कापडी पिशवी पुढे धरली. "बंद करून टाका. नुसता आवाज घालवून चालणार नाही."

मुलाने सुस्कारा सोडून फोन टाकला. सून मात्र अडली. "बाबा, माझा राहू द्या ना. आईंना लागतो."

"तिला कशाला लागतोय? घरचा फोन वाजला तरी दचकते ती."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने हलकेच मान हलवली. दुसरा फोन पिशवीत पडला. ग्रंथपालांनी खिशातून दोन पितळी बिल्ले काढून दोघांच्या हातावर ठेवले, सात आणि आठ नंबरचे. वाचनालयाच्या दारात छत्तीस वर्षं ते असेच लोकांच्या पिशव्या ठेवून घेत आणि बिल्ला देत. निवृत्तीच्या दिवशी उरलेले बिल्ले त्यांनी मागून घेतले होते. आयुष्यात गाजवलेला अधिकार काय तो एवढाच.

घरी शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं चित्र तीस वर्षं चिकटवलेलं होतं. तळ्यात उभे असलेले गुलाबी पक्षी. काजं करता करता बायको म्हणायची, "अहो, एकदा हे उडताना बघायचेत मला." आज ते चौघं त्या तळ्याच्या काठावर बसले होते. तिने ते बघावं, आणि नीट बघावं, एवढंच ग्रंथपालांना हवं होतं.

पण काठावरची माणसं! त्यातल्या त्यात तो लाल टोपीवाला. लांब काठीला फोन लावून, पक्ष्यांकडे पाठ करून तो स्वतःलाच न्याहाळत होता. ओठांचा चंबू करी, भज्यांनी बरबटलेलं बोट काचेवर फिरवी, ते विजारीला पुशी आणि बायकोवर खेकसे, "अगं, हस ना नीट! परत घेऊ." ग्रंथपालांना शिसारी आली. उकिरड्याकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

अशीच शिसारी त्यांना काल बसमध्ये आली होती. पुस्तकातून सहज मान वर केली तर पलीकडच्या बाकावर बायको सुनेचा फोन नाकाला चिकटवून बसलेली. तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर तो निळसर उजेड. खिडकीबाहेर डोंगर चालले होते. म्हणजे हीसुद्धा! तेव्हाच त्यांनी पिशवीचं ठरवलं. आपण जरा जास्तच करतोय का, अशी शंका सकाळी आली होती. पण त्यांना शंका कशाचीही येई. या खेपेला त्यांनी ती दाबून टाकली.

एवढ्यात धक्क्यापाशी एका होडीचं इंजिन फटफटलं आणि सबंध थवा उठला.

"बघ! बघ! उडाले!" ग्रंथपाल ताडकन उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला. हजारो पंख एकदम उलगडले, तळ्यावर गुलाबी झाक पसरली, थवा एकदा वळला आणि टेकडीपलीकडे गेला.

"गेले," होडीवाला म्हणाला. "एकदा बिचकले की या साली परत यायचे नाहीत."

ग्रंथपाल डोळे पुसत खाली बसले. "बघितलंस? असं बघायचं असतं. स्वतःच्या डोळ्यांनी."

"बघतेय ना," बायको हसली. "पण काही बसलेतच की हो. मघापासून एकही हललेला नाही."

तिची नजर होती तिकडे त्यांनी पाहिलं. धक्क्यावर दोरीला होडीवाल्यांची जाकिटं वाळत घातली होती. उन्हाने विटून गुलाबी झालेली.

ग्रंथपालांनी सुनेकडे पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सहा महिने झाले, बाबा. औषध नाही म्हणाले डॉक्टर. नाकाशी धरलं तरच दिसतं त्यांना. मी फोनवर काढते, मोठं करून दाखवते. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. म्हणाल्या, पुस्तकातून मान वर केली की कळेल त्यांचं त्यांना."

सहा महिने शिवणयंत्रावर झाकण होतं. वाचून झालेली पुस्तकं ते रोज त्या झाकणावर ठेवत होते.

पुन्हा शिसारी आली. या वेळी ती कोणाची, हे शोधायला इकडेतिकडे पाहावं लागलं नाही.

ते उठले. अनोळखी माणसाशी "बिल्ला सांभाळा" याहून मोठं वाक्य ते कधी बोलले नव्हते. लाल टोपीसमोर उभे राहून त्यांनी दोनदा खाकरून घेतलं.

"अहो... ते उडाले, ते आलंय का तुमच्यात?"

"आलंय म्हणजे? माझ्या मागे सगळं आलंय, काका! हे बघा."

"मला नको. तिला. तिथे बसलीय." त्यांनी हात पुढे केला. "जरा नेऊ का?"

टोपीवाल्याने फोन छातीशी धरला. ग्रंथपालांनी खिसा चाचपला आणि नऊ नंबरचा बिल्ला त्याच्या तेलकट तळव्यावर ठेवला. "हा ठेवा. आणून देतो."

त्याने बिल्ला उलटसुलट करून पाहिला, ग्रंथपालांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन दिला.

बायकोने तो मेणचट फोन नाकाला लावला. "कोण हो हा मेला? सरक रे बाबा बाजूला," ती काचेतल्या टोपीवाल्याला म्हणाली. मग तिने फोन नाकासमोरून हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवला.

"अगंबाई," ती म्हणाली, "हे तर उडतायत!"